सातनंतर जेवलं की पोट 'बंद' होतं?

'संध्याकाळी सातनंतर पचन थांबतं, खाल्लेलं सगळं चरबीत जातं.' हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. ठाण्याला साडेआठला लोकलमधून उतरून घोडबंदरला घरी पोचेपर्यंत साडेनऊ वाजतात. अशा माणसाला ताटावर बसताना अपराधी वाटतं, आणि ते मला खरंच खटकतं.

आधी घड्याळ पाहू. डिसेंबरात ठाण्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, आसामात साडेचारच्या आसपास. घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. मग पोटाला 'सात' कुठले कळणार? पचन रात्रभर चालूच असतं. भरपेट जेवण जठरातून पुढे सरकायलाच साधारण चार तास लागतात. चरबी साठते ती मुख्यतः गरजेपेक्षा जास्त खाल्ल्याने.

मेसेजात तथ्याचा अंश आहे, म्हणून तो पटतो. रात्री उशिरा तेच जेवण रक्तातली साखर थोडी जास्त वाढवतं, आणि जेवून लगेच आडवं झालं की छातीत जळजळतं. त्यामुळे झोपेआधी दोन-तीन तासांचं अंतर चांगलंच. मधुमेहींनी वेळ डॉक्टरांना विचारूनच ठरवावी.

पडताळायचं कसं? 'संशोधन सांगतं' असं लिहिलं असेल तर पाहा: प्रयोग माणसांवर की उंदरांवर? किती जणांवर? लवकर आणि उशिरा जेवणाऱ्या दोन्ही गटांचं एकूण खाणं सारखं होतं का? जेवणाच्या वेळांवर लिहिणाऱ्याने एवढं तपासल्याशिवाय छापूच नये, असं माझं ठाम मत आहे. घरी दोन आठवडे वहीत वेळ आणि प्रमाण दोन्ही लिहा, साडेसहाच्या लोकलआधी स्टेशनबाहेर खाल्लेला वडापावसुद्धा.