रोज एक अंडं : बलक टाकू नका, रंगाचे पैसे मोजू नका

रोज अंडं खावं का, आणि कोणतं? निरोगी माणसाने रोज एक अख्खं अंडं खायला हरकत नाही आणि ते साधं, पांढरं, पोल्ट्रीचं असलं तरी चालतं. मात्र ते ताजं हवं आणि नीट शिजलेलं हवं. एवढ्या साध्या उत्तराभोवती आपल्याकडे दोन गोंधळ घट्ट बसले आहेत. एक बलकातल्या कोलेस्टेरॉलचा, दुसरा तपकिरी आणि गावरान अंड्यांचा. पहिल्यापायी लोक अंड्याचा सर्वांत पौष्टिक भाग टाकून देतात, दुसऱ्यापायी दुप्पट-तिप्पट पैसे देतात.

आधी अंड्यात काय असतं ते पाहू. कवच काढून ५० ग्रॅम भरेल अशा अंड्यातून ७० ते ७५ किलोकॅलरी, सहा ग्रॅमहून थोडी अधिक प्रथिनं आणि सुमारे पाच ग्रॅम मेद मिळतो. त्या मेदातला दीड ग्रॅम संपृक्त, म्हणजे तूप-लोण्यात जास्त असतो त्या प्रकारचा असतो. कोलेस्टेरॉल साधारण १८५ मिलिग्रॅम, आणि ते सगळं बलकात. पण अ आणि ड जीवनसत्त्व, बहुतेक बी-१२, मेंदू आणि यकृताला लागणारं कोलिन, डोळ्यांच्या पडद्याला लागणारं ल्युटिन हेही बलकातच असतं. प्रथिनं फक्त पांढऱ्यात असतात हा समजही खरा नाही. चाळीस टक्क्यांच्या आसपास प्रथिनं बलकात असतात.

आपल्या जेवणाशी अंड्याचा मेळ छान बसतो. डाळीत मेथिओनिन हे अमिनो आम्ल (प्रथिनांचा घटक) कमी पडतं, भात-पोळीत लायसिन. अंड्यात दोन्ही भरपूर असतात. बी-१२ तर वनस्पतींतून मिळतच नाही म्हटलं तरी चालेल, त्यामुळे मांस-मासे क्वचितच खाणाऱ्या घरात रोजचं अंडं मोलाचं आहे. अंड्यात तंतू आणि क जीवनसत्त्व अजिबात नसतं, म्हणून सोबत कोशिंबीर, पेरू किंवा लिंबू पिळलेली भाजी असू द्यावी.

कोलेस्टेरॉलची भीती अमेरिकेतून आली. १९६८ मध्ये तिथल्या हार्ट असोसिएशनने दिवसाला ३०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कोलेस्टेरॉल नको आणि आठवड्याला तीनपेक्षा जास्त बलक नकोत, असा सल्ला दिला. तो जगभर पसरला. पुढे लक्षात आलं की रक्तातलं बहुतांश कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच तयार करतं. आहारातून जास्त आलं की बहुतेकांच्या शरीरात शोषण आणि निर्मिती दोन्ही कमी होतात. आहारातलं १०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल रक्तातलं एकूण कोलेस्टेरॉल सरासरी दोन-सव्वादोन मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरनेच वाढवतं. संपृक्त मेदाचा परिणाम याहून बराच मोठा असतो. २०१५ मध्ये अमेरिकेच्या आहार मार्गदर्शिकेतून ३०० मिलिग्रॅमची मर्यादा निघाली.

तरी विषय पूर्ण मिटलेला नाही. २०१९ मध्ये सुमारे तीस हजार अमेरिकी लोकांच्या माहितीवर आधारलेल्या अभ्यासात जास्त अंडी खाणाऱ्यांत हृदयविकाराचा धोका किंचित जास्त आढळला. २०२० मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या मोठ्या विश्लेषणात मात्र रोज एका अंड्यापर्यंत धोका वाढलेला दिसला नाही, आणि आशियातल्या लोकांत तर तो थोडा कमीच दिसला. हे सगळे निरीक्षणाचे अभ्यास आहेत. अमेरिकेत अंड्याबरोबर ताटात बेकन, सॉसेज आणि लोणी येतं, चीन-जपानात भात आणि भाज्या. अंड्याचा परिणाम सोबतच्या पदार्थांपासून पूर्ण वेगळा काढता येत नाही. आमच्या मते यातून आपल्यासाठी निघणारा अर्थ स्पष्ट आहे : अंड्याइतकंच लक्ष तव्यावर काय घातलं याकडे द्या. दोन अंड्यांत मिळून संपृक्त मेद तीन ग्रॅम. गाडीवरच्या बुर्जीत मोठा चमचा म्हणजे १५ ग्रॅम बटर पडलं, तर त्या बटरमधूनच सात-आठ ग्रॅम येतो. शिवाय बटर लावून भाजलेले दोन पाव वेगळेच. दोष मात्र बलकाला.

काहींनी खरोखर सांभाळायला हवं. रक्तातलं एलडीएल (म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल) वाढलेलं असलेले, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले, आनुवंशिक कोलेस्टेरॉलवाढ असलेले आणि मधुमेही यांनी आठवड्याला तीन-चार बलकांवर थांबून पुढचं प्रमाण डॉक्टरांशी बोलून ठरवावं. पांढऱ्या भागावर बंधन नाही. निरोगी माणसांतही साधारण चौथा हिस्सा असा असतो की त्यांचं कोलेस्टेरॉल अंड्यांनी इतरांपेक्षा जास्त चढतं. आपण त्यात मोडतो का, हे तपासता येतं : रोज अंडं सुरू करण्याआधी लिपिड प्रोफाइल ही रक्तातल्या कोलेस्टेरॉलची तपासणी करा, बाकीचा आहार तोच ठेवून सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा करा. एलडीएल ठळक वाढलं असेल तर अंडी कमी करा. भारतीयांना हृदयविकार तुलनेने कमी वयात गाठतो, म्हणून ही तपासणी पस्तिशीनंतर टाळू नये.

आता खरेदी. कवचाचा रंग ठरतो कोंबडीच्या जातीवरून. व्हाइट लेगहॉर्न वंशाच्या कोंबड्या पांढरी अंडी देतात, ऱ्होड आयलंड रेड तपकिरी. तपकिरी रंग हे कवच तयार होताना शेवटी चढणारं रंगद्रव्य आहे. आतल्या प्रथिनांशी किंवा जीवनसत्त्वांशी त्याचा संबंध नाही. आणि तपकिरी म्हणजे गावरान असंही नाही. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने विकसित केलेल्या वनराजा आणि ग्रामप्रिया या सुधारित जातीही तपकिरी अंडी देतात. खरी गावरान कोंबडी वर्षाला साठ-ऐंशी अंडी घालते, पोल्ट्रीतली तीनशेहून जास्त. त्यामुळे शहरातल्या दुकानात एकसारख्या आकाराची, एकसारख्या गडद रंगाची गावरान अंडी रोज ट्रे भरून येत असतील तर शंका घ्यावी. खरी गावरान अंडी लहान असतात, रंगाने फिकट आणि एकमेकांपेक्षा वेगळी. पांढरी अंडी चहाच्या पाण्यात रंगवूनही विकली जातात. ओल्या फडक्याने किंवा लिंबाच्या फोडीने चोळून पाहा. मात्र लिंबाचं आम्ल कवचाचा वरचा थर विरघळवतं आणि नैसर्गिक रंगही थोडा निघू शकतो, म्हणून ओलं फडकं जास्त भरवशाचं.

बलकाचा गडद केशरी रंग म्हणजे ताकद, हाही असाच समज. मका, हिरवा चारा किंवा खाद्यात मिसळलेला झेंडूच्या पाकळ्यांचा अर्क यातून तो येतो. मोकळी फिरून किडे-पाला खाणाऱ्या कोंबडीच्या अंड्यात ओमेगा-३ (माशांत असतो तो उपयुक्त मेद) आणि ड जीवनसत्त्व काहीसं जास्त असू शकतं, आणि कोंबडीला पिंजऱ्यात ठेवू नये असं वाटत असेल तर त्यासाठी जास्त पैसे देणं योग्यच आहे. फक्त रंगासाठी देऊ नयेत. कडकनाथच्या अंड्यांचंही तेच : कोंबडी काळी, अंडं फिकट बदामी, आणि आतला फरक किमतीच्या मानाने फार थोडा. जवस खाऊ घालून मिळवलेल्या ओमेगा-३ अंड्यांत ते खरोखर वाढतं, पण मासे खाणाऱ्या कोकणातल्या घराला त्यांची गरज नाही.

पैसे आणि लक्ष दोन्ही ताजेपणावर खर्च करा. महाराष्ट्रात खपणाऱ्या अंड्यांचा मोठा हिस्सा आंध्र प्रदेश, तेलंगण, कर्नाटकातून ट्रकने येतो. दुकानात पोहोचेपर्यंत काही दिवस गेलेले असतात आणि पुढे उन्हाळ्यात ती उघड्यावर राहतात. कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रं असतात. त्यांतून पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो, बोथट टोकाकडची हवेची पोकळी वाढते, पांढरा भाग अल्कधर्मी होऊन पातळ होतो आणि बलकाचं आवरण सैल पडतं. उष्णतेत हे सारं कित्येक पट वेगाने घडतं.

म्हणून ज्या दुकानात खप जास्त तिथून घ्या, आणि एका वेळी आठवड्यापुरतीच घ्या. पॅकिंगची तारीख पाहा. तडे गेलेलं, विष्ठा लागलेलं, ओलं अंडं स्वस्तात मिळालं तरी नको. मोबाइलचा टॉर्च बोथट टोकाला लावून अंधारात पाहिलं तर पोकळी दिसते. ३-४ मिलिमीटर उंचीची असेल तर अंडं ताजं. घरी पाण्याची परीक्षा आहेच : तळाशी आडवं पडलं तर ताजं, टोकावर उभं राहिलं तर जुनं पण खाण्याजोगं, तरंगलं तर वाटीत वेगळं फोडून वास घ्या आणि शंका आली तर टाका. ही परीक्षा फक्त वय सांगते. साल्मोनेला जिवाणू ताज्या अंड्यातही असू शकतात. फोडल्यावर बलक उंच आणि भोवतीचा पांढरा भाग घट्ट दिसायला हवा. पांढरा भाग जरा धुरकट असेल तर ते ताजेपणाचंच लक्षण आहे. रक्ताचा बारीक ठिपका म्हणजे पिल्लू नव्हे, कोंबडीच्या शरीरात फुटलेली केशवाहिनी असते. काढून टाकून अंडं खाता येतं. पोल्ट्रीत कोंबडा नसतोच, त्यामुळे ती अंडी फलित नसतात.

आणल्यावर धुऊ नका. कवचावर नैसर्गिक संरक्षक थर असतो, तो धुतल्याने जातो आणि ओलाव्याबरोबर जिवाणू छिद्रांतून आत शिरतात. धुवायचंच तर फोडण्याच्या अगदी आधी. बोथट टोक वर करून फ्रिजच्या आतल्या कप्प्यात ठेवा. दाराच्या खोबणीत प्रत्येक उघड-झापीला तापमान बदलतं.

कच्ची अंडी ताकद देतात म्हणून दुधात फेटून पिणाऱ्यांनी ते थांबवावं. शिजलेल्या अंड्यातली सुमारे नव्वद टक्के प्रथिनं पचतात, कच्च्यातली जेमतेम निम्मी. कच्च्या पांढऱ्यातलं अॅव्हिडिन बायोटिन हे जीवनसत्त्व अडवून ठेवतं, शिजल्यावर त्याची ती क्षमता जाते. साल्मोनेला मारायला आतपर्यंत ७० अंशांच्या पुढे तापमान जावं लागतं. गरोदर स्त्रिया, लहान मुलं आणि वृद्धांनी हाफ फ्राय टाळावं, बलक घट्ट होऊ द्यावा.

उकडताना अंडी बुडून बोटभर वर येईल इतकं पाणी घ्या, उकळी आली की आच मंद करून दहा मिनिटं ठेवा आणि लगेच थंड पाण्यात टाका. जास्त वेळ उकळलं की पांढऱ्यातलं गंधक आणि बलकातलं लोह यांचं संयुग होऊन बलकाभोवती हिरवट कडं येतं. ते निरुपद्रवी असलं तरी चव आणि पोत बिघडतो. सोलताना चिकटणारी अंडी बहुधा खूप ताजी असतात, तीन-चार दिवस फ्रिजमध्ये ठेवून उकडा. उकडलेलं अंडं कवचासकट फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं, पण बाहेर दोन तासांपेक्षा जास्त नको. मुलांच्या डब्यात मे-जूनच्या उकाड्यात ते देऊ नये. सकाळी घरीच खाऊ घालावं.