आकस्मिक बधिरत्व : महासाथीतील उपचार

बहात्तर तासांच्या आत, लागोपाठच्या किमान तीन कंप्रतांवर (ध्वनीच्या पट्ट्यांवर) 30 डेसिबल वा अधिक घट होणारा अंतर्कर्णजन्य श्रवणऱ्हास. बहुधा एकच कान जातो. सकाळी उठल्यावर कानात दडे बसल्यासारखे वाटते, गुणगुण सुरू होते आणि रुग्ण ते सर्दीवर ढकलतो. प्रमाण दर लाखामागे वर्षाला सुमारे 5 ते 20.

पहिले वर्णन सामान्यतः डी क्लाइन यांचे (1944) मानले जाते. कारणाबद्दल मतभेद आहेत. विषाणुसंसर्ग, अंतर्कर्णाच्या रक्तपुरवठ्यातील अडथळा आणि स्वप्रतिरक्षा (प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच शरीरावर उलटणे) असे तीन पक्ष असून सुमारे 90 टक्के रुग्णांत कारण सापडतच नाही. कोव्हिड-19 मुळे विषाणुपक्षाला बळ आले. ब्रिटनमध्ये श्वसनयंत्रावर राहिलेल्या 45 वर्षांच्या रुग्णाचा डावा कान गेल्याची नोंद ऑक्टोबर 2020 मध्ये प्रसिद्ध झाली. स्टेरॉइडने त्याला अंशतः ऐकू येऊ लागले. मात्र अशा सुट्या नोंदींवरून कार्यकारणभाव ठरत नाही.

उपचार म्हणजे मुख्यतः प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड : वजनाच्या दर किलोमागे रोज 1 मिग्रॅ., कमाल 60 मिग्रॅ., शक्यतो पहिल्या दोन आठवड्यांत. 1980 च्या चाचणीत स्टेरॉइड घेणाऱ्यांपैकी 61, तर न घेणाऱ्यांपैकी 32 टक्के सुधारले. पुष्कळांचा कान आपोआपच सुधारत असल्याने पुढील समीक्षकांनी हा पुरावा निर्णायक मानलेला नाही. साथीच्या आरंभी स्टेरॉइडने संसर्ग बळावेल अशी धास्ती होती. जून 2020 मध्ये गंभीर कोव्हिड रुग्णांत डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने मृत्यू घटतात असे दाखवणाऱ्या ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीने ती बरीच ओसरली, पण 2021 मध्ये महाराष्ट्रात मधुमेही रुग्णांना काळ्या बुरशीने (म्युकरमायकोसिस) गाठले आणि स्टेरॉइड हा तिला पोषक घटक असल्याने सावधगिरी परतली. अशा रुग्णांत कानाच्या पडद्यातून मध्यकर्णात दिलेले स्टेरॉइडचे इंजेक्शन अधिक सयुक्तिक वाटते. 250 रुग्णांच्या 2011 मधील चाचणीत ते गोळ्यांपेक्षा कमी ठरले नव्हते. पडदा बधिर करून बारीक सुईने औषध सोडतात व रुग्णाला तो कान वर ठेवून सुमारे अर्धा तास पडून राहावे लागते.

टाळेबंदीत दोष कानाच्या कोणत्या भागात आहे हे सांगणारी नादकाट्याची (ट्यूनिंग फोर्क) चाचणी फोनवरून शक्य नव्हती. तिच्या जागी रुग्णाला ओठ मिटून ‘हं’ असा लांब सूर धरायला सांगता येते. सूर बंद कानात मोठा वाटला, तर मळ किंवा मध्यकर्णाचा दोष. चांगल्या कानात वाटला, तर अंतर्कर्णाचा. दुसऱ्या प्रकारात मळ विरघळवणारे थेंब घालत बसण्यात मोलाचे दिवस जातात.