देवणी गाईचा वंश संगणकावर कसा शोधतात?

लातूर भागातल्या देवणी जनावरांत बालंक्या, वानेरा आणि शेवरा असे तीन प्रकार रंगावरून ओळखतात. वानेऱ्याचं तोंड काळं, शेवऱ्याच्या पांढऱ्या अंगावर काळे ठिपके. बैलबाजारातला जाणता माणूस लांबूनच सांगतो. पण गीर, डांगी आणि गावठी जनावरांच्या संकरातून देवणी घडली असं जे मानतात, ते रंग पाहून तपासता येत नाही. त्यासाठी डीएनए लागतो, आणि मग भरपूर आकडेमोड.

आकडेमोडीचं मूळ तत्त्व सोपं आहे. ५० गाईंच्या कळपात एका जनुकाची दोन रूपं आहेत असं धरा: एकाचं प्रमाण ७० टक्के, दुसऱ्याचं ३०. जोड्या मोकळेपणी जुळत असतील तर दोन्ही रूपं असलेल्या गाई २ × ०.७ × ०.३, म्हणजे ४२ टक्के भराव्यात. ५० पैकी २१. हार्डी आणि वाइनबर्ग यांनी हा नियम १९०८ मध्ये स्वतंत्रपणे मांडला. प्रत्यक्षात १२च निघाल्या, तर एकाच वळूच्या कालवडी परत त्याच्याकडूनच फळवल्या गेल्या का? की दोन वेगळे कळप आपण एकच समजून मोजले? एका जनुकासाठी हा हिशेब वहीत होतो. जनुकीय चिप (डीएनए वाचणारी छोटी पट्टी) मात्र एका गाईच्या डीएनएतली ५० हजारांहून जास्त ठिकाणं वाचते.

इथे संगणक-प्रणाली कामाला येतात. प्रिचर्ड, स्टीफन्स आणि डोनेली यांची ‘स्ट्रक्चर’ २००० साली आली. कोणती गाय कोणत्या जातीची हे न सांगताही ती प्रत्येक जनावरात कोणत्या गटाचा किती वाटा असावा याचा अंदाज देते. चिपच्या प्रचंड माहितीसाठी पुढे ‘प्लिंक’ (२००७) आणि ‘अ‍ॅडमिक्स्चर’ (२००९) आल्या. यांना पैसे पडत नाहीत, म्हणून उदगीर-परभणीच्या विद्यार्थ्यालाही हे काम साध्या लॅपटॉपवर सुरू करता येतं. ‘जेनअलेक्स’ तर थेट एक्सेलमध्येच चालते.

खरा वेळ खातात त्या फायली, कारण प्रत्येक प्रणालीला माहिती वेगळ्या मांडणीत लागते. एका गाईत १८० आणि १८४ (डीएनएच्या तुकड्याची लांबी) ही दोन रूपं सापडली, तर ‘जेनपॉप’ या दुसऱ्या प्रणालीला ती सलग १८०१८४ अशी लागतात, ‘स्ट्रक्चर’च्या नेहमीच्या मांडणीत त्याच गाईच्या दोन ओळी होतात, वर १८०, खाली १८४. माहिती नसेल तिथे एकीकडे सहा शून्यं, दुसरीकडे बहुधा उणे ९. शेकडो जनावरांची माहिती हाताने अशी उलटसुलट करताना एक रकाना सरकला की सगळंच चुकतं. ‘पीजीडीस्पायडर’ हे रूपांतर आपोआप करते. संशोधकांचे दिवस वाचवणाऱ्या अशा छोट्या साधनांचं कौतुक फार कमी होतं.

उत्तराचा अर्थ मात्र माणसालाच लावावा लागतो. ‘स्ट्रक्चर’ला गट किती धरायचे हे आपणच सांगतो, आणि ५ सांगितले तर ती ५ गटांत वाटणी करून देते, कळपात ते असोत वा नसोत. म्हणून वेगवेगळ्या गटसंख्या धरून ती पुन्हा पुन्हा चालवतात आणि निकाल ताडून पाहतात. एकाच गोठ्यातल्या मायलेकी आणि बहिणींचे नमुने घेतले, तर ते कुटुंबच वेगळी जात असल्यासारखं दिसू लागतं. देवणी आणि लाल कंधारी या दोन जातींची तुलना करायची, तर रक्त वेगवेगळ्या गावांतून, नात्यात नसलेल्या जनावरांचं घ्यावं लागतं. आणि कोणती गाय कुणाची लेक, हे विचारायला गोठ्याच्या मालकापाशीच बसावं लागतं.