आनंदामाइड: आनंद नावापुरता?

अफूतून मॉर्फिन एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच वेगळं झालं होतं. गांजाने मात्र रसायनशास्त्रज्ञांना दाद दिली नाही. त्याचा अर्क तेलकट, चिकट, स्फटिक काही धरेना. इस्रायलमध्ये राफाएल मेशूलाम यांनी पोलिसांनी जप्त केलेलं पाच किलो हशिश मिळवलं आणि चक्क बसने प्रयोगशाळेत नेलं. कसला वास येतोय म्हणून प्रवासी इकडेतिकडे बघत होते, हा किस्सा ते पुढे आवडीने सांगत. 1964 मध्ये त्यांनी आणि येहिएल गाओनी यांनी नशेचा मुख्य घटक, टीएचसी, शुद्ध करून त्याची रचना मांडली.

पण तो काम कसा करतो? इथे गाडी जवळपास पाव शतक अडली. टीएचसी चरबीत विरघळतो, तेव्हा तो पेशीच्या पटलात शिरून नुसता गोंधळ घालत असावा, असं अनेकांना वाटे. 1988 मध्ये अमेरिकेत ॲलिन हाउलेट आणि विल्यम डिव्हेन यांनी मेंदूत त्याला धरणारी नेमकी जागा दाखवली: आजचा सीबी1 रिसेप्टर. आता हा रिसेप्टर काही भांग पिणाऱ्यांच्या सोयीसाठी बनला नसणार. शरीराचा स्वतःचा कुणीतरी तिथे बसत असला पाहिजे.

डिव्हेन जेरुसलेमला मेशूलाम यांच्याकडे गेले. टीएचसी स्निग्ध, मग हाही स्निग्धच असेल, या तर्काने डुकरांचे मेंदू धुंडाळले गेले. 1992 मध्ये डिव्हेन आणि लुमीर हानुश यांना तो सापडला. संस्कृतातला ‘आनंद’ घेऊन त्याचं नाव ठेवलं आनंदामाइड.

नाव जरा जास्तच उदार झालं. हा रेणू गरजेपुरता पटलातल्या स्निग्धांतून बनतो आणि एफएएएच नावाचं विकर त्याला लगेच तोडतं. सीबी1ला चिकटला की पेशीत शिरणारं कॅल्शियम घटतं आणि चेतापेशी पुढे रसायन सोडताना हात आखडता घेते. शिवाय 1995 मध्ये पुढे आलेला 2-एजी, सीबी1वर बसणारा शरीराचाच दुसरा रेणू, मेंदूत कितीतरी जास्त असतो. सीबी1चं बरंचसं काम तोच करतो, पण नाव झालं आनंदामाइडचं. 1999 मध्ये तर आनंदामाइड मिरचीचा तिखटपणा ओळखणाऱ्या टीआरपीव्ही1 रिसेप्टरलाही चेतवतो असं दिसलं!

सीबी1 अडवून वजन घटवणारं रिमोनाबँट हे औषध 2006 मध्ये युरोपात आलं. भूक कमी झाली खरी, पण रुग्णांना नैराश्य आणि आत्महत्येचे विचार घेरू लागले. 2008 मध्ये ते तिथून मागे घेतलं गेलं, 2009 मध्ये भारतातही त्यावर बंदी आली.