इतरांच्या बचावासाठी प्राणघातक बळाचा वापर

दुसऱ्या माणसावर चाललेला जीवघेणा हल्ला थांबवण्यासाठी हल्लेखोराचा जीव जाऊ शकेल इतके बळ वापरणे. बहुतेक देशांच्या कायद्यांत स्वसंरक्षणाइतकेच याला स्थान आहे. वाचवणारा आणि वाचणारा एकमेकांच्या ओळखीचेही असावे लागत नाहीत. जुन्या इंग्रजी कायद्यात मात्र ही मुभा पती-पत्नी, आईबाप-मुले, मालक-नोकर अशा नात्यांपुरती होती. १८६० च्या भारतीय दंड संहितेने कलम ९७ मध्ये स्वतःचे शरीर आणि इतर कोणाचेही शरीर एकाच हक्काखाली आणले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तीच तरतूद कलम ३५ मध्ये आहे. जर्मन दंड संहितेचे कलम ३२ आणि आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या १९९८ च्या रोम कराराचे कलम ३१ यांतही स्वतःचा व दुसऱ्याचा बचाव शेजारी-शेजारी येतात.

हा हक्क धोक्याबरोबर सुरू होतो आणि धोक्याबरोबरच संपतो. सुरा उगारलेला माणूस खाली कोसळला, त्याच्या हातून शस्त्र सुटले किंवा तो पाठ फिरवून पळू लागला, तर त्यानंतरचा घाव बचावाचा राहत नाही, तो सूड होतो. बळही गरजेपुरतेच हवे: धक्का देऊन किंवा धरून ठेवून भागत असेल, तर गोळी चालवण्याचे समर्थन उरत नाही. अर्थात, क्षणात घेतलेला निर्णय नंतर निवांतपणे तराजूत तोलू नये, हेही न्यायालये मानतात. भीतीने किंवा गोंधळून मर्यादा ओलांडणाऱ्याला जर्मन कायदा शिक्षा करत नाही.

या विषयातली खरी अडचण वेगळीच आहे. स्वतःवर हल्ला झालेल्याला सुरुवात कोणी केली ते माहीत असते. मदतीला धावणारा तिऱ्हाईत मात्र प्रसंगाच्या मध्यावर पोहोचतो. त्याला दिसते ती झटापट, तिचे कारण नाही. न्यूयॉर्कमध्ये एका माणसाने दोघे जण एका अठरा वर्षांच्या मुलाशी झटत असल्याचे पाहून मध्ये उडी घेतली. ते दोघे साध्या वेशातले पोलीस होते आणि मुलाला अटक करत होते. १९६२ मध्ये तिथल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने मदतगाराची, मधल्या न्यायालयाने रद्द केलेली शिक्षा पुन्हा लागू केली: ज्याला तुम्ही वाचवता त्याला प्रतिकाराचा जितका हक्क आहे तितकाच तुम्हाला, मग तुमची समजूत कितीही प्रामाणिक असो. इंग्लंडमध्ये १९८३ साली जवळजवळ असाच प्रसंग अपील न्यायालयासमोर आला. एका तरुणाला मारहाण होत असल्याचे पाहून एक जण मध्ये पडला; तो तरुण एका स्त्रीची पर्स हिसकावून पळाला होता आणि त्याला पकडले जात होते, हे त्याला ठाऊक नव्हते. इथे शिक्षा रद्द झाली, कारण न्यायालयाने मदतगाराला जे प्रामाणिकपणे खरे वाटले त्यावरून त्याचे वर्तन तपासले. दोन्ही प्रसंगांत कोणाचा जीव गेला नव्हता, पण प्राणघातक बळालाही हीच कसोटी लागते. आज अनेक ठिकाणी मधला मार्ग घेतला जातो: समजूत चुकीची निघाली तरी चालेल, पण त्या परिस्थितीत ती वाजवी असली पाहिजे. हा नियम अधिक न्याय्य वाटतो. पहिल्या नियमाने मदतीला जाणारे हात आखडतात, तर दुसऱ्यात उतावळ्या समजुतीची किंमत निरपराधाला मोजावी लागू शकते.

नैतिक विचारात मात्र दुसऱ्यासाठी उचललेले शस्त्र पुष्कळदा स्वतःसाठी उचललेल्या शस्त्रापेक्षा निर्दोष मानले गेले, कारण त्यात स्वतःच्या जिवाचा लोभ नसतो. चौथ्या शतकातील मिलानचा बिशप अँब्रोस याने ख्रिस्ती माणसाला स्वतःच्या बचावासाठी दरोडेखोरावर हात उचलण्याची मोकळीक दिली नाही. पण शक्य असूनही सोबत्यावरचा घाव न अडवणारा घाव घालणाऱ्याइतकाच दोषी, असेही त्याने लिहिले. महात्मा गांधींवर १९०८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत हल्ला झाला होता. आपण तिथे असतो तर काय करायला हवे होते, असे थोरल्या मुलाने पुढे विचारले, तेव्हा बळ वापरूनही वडिलांचा बचाव करणे हे त्याचे कर्तव्य होते, असे त्यांनी सांगितले. १९२० मध्ये 'यंग इंडिया'त त्यांनी हे स्वतःच नोंदवले आहे. अहिंसा भित्रेपणाची ढाल होऊ नये, हा त्यामागचा आग्रह.

पोलिसांसाठी संयुक्त राष्ट्रांनी १९९० मध्ये हवाना येथे स्वीकारलेली तत्त्वे अधिक काटेकोर आहेत: जाणूनबुजून जीव घेणारा गोळीबार फक्त जीव वाचवण्यासाठी आणि दुसरा काहीही उपाय नसतानाच.

सगळ्यांत अवघड प्रश्न हल्लेखोराच्या आसपास असलेल्या निरपराधांचा. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम १०६ मधील उदाहरणात जमाव एका माणसाचा जीव घ्यायला येतो. जमावात लहान मुले मिसळलेली आहेत आणि गोळी झाडल्याशिवाय त्याचा बचाव शक्य नाही. मुलांना इजा झाली तरी तो गुन्हेगार नाही, असे त्या संहितेत म्हटले होते. उलट, अपहृत विमान शस्त्र म्हणून वापरले जात असेल तर ते पाडण्याची परवानगी देणारी कायद्यातली तरतूद जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने २००६ मध्ये रद्द केली: जमिनीवरच्या लोकांना वाचवण्यासाठी विमानातल्या निरपराध प्रवाशांना मारण्याचा अधिकार राज्याला नाही.