तेलाचं गाव आणि ५१ धावा

अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलच्या विक्रमांत एक धावफलक असा आहे, की पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती छपाईची चूकच वाटते. कोर्सिकाना ५१, टेक्सारकाना ३. तारीख १५ जून १९०२, वार रविवार. बेसबॉलमध्ये नऊ डावांत चार-पाच धावा झाल्या तरी बरं चाललंय म्हणतात, दहा-बारा झाल्या तर धुलाई झाली म्हणतात. एक्कावन्न म्हणजे काय, ते यावरून ताडावं. निकाल तारेने वर्तमानपत्रांकडे गेला तेव्हा काही ठिकाणी तारबाबूचा हात चुकला असेल असं समजून ५–३ असं छापलं गेलं, अशी हकीकत सांगतात.

हा सामना बहुतेक वेळा गंमत म्हणून सांगितला जातो आणि तिथेच विषय संपतो. मला त्याचं वाईट वाटतं. त्या एका दुपारच्या मागे गावाची आठ वर्षं उभी आहेत आणि आजूबाजूला एक असा हंगाम आहे, की त्यातला विक्रम पुढची कित्येक दशकं कुणाला ओलांडता आला नाही.

कोर्सिकाना हे टेक्ससमधलं गाव, डॅलसच्या आग्नेयेला साधारण ५५ मैलांवर. १८४८ मध्ये वसलं. काउंटीला, म्हणजे तिथल्या जिल्ह्याला, होजे अँटोनियो नवारो या टेक्ससच्या पुढाऱ्याचं नाव दिलं गेलं आणि नवारोंचे वडील कॉर्सिका बेटावरचे, म्हणून गावाचं नाव कोर्सिकाना. आजूबाजूला काळी जमीन आणि कापूस. या दोन शब्दांनी काय चित्र उभं राहतं ते विदर्भ-खानदेशातल्या वाचकाला वेगळं सांगायला नको. १८७१ मध्ये रेल्वे आली, पेठ वाढली, आणि वाढत्या गावाला पाणी पुरेना.

म्हणून १८९४ मध्ये गावाने पाण्यासाठी खोल विहीर खोदायला घेतली. १,०३५ फुटांवर पाण्याऐवजी तेल लागलं. खोदणाऱ्यांनी ते बाजूला सारलं आणि पाण्यासाठी आणखी खाली गेले, कारण करार पाण्याचा होता. पण गावातल्या व्यापाऱ्यांच्या डोक्यात चक्र सुरू झालं होतं. १८९६ मध्ये जेमतेम दीड हजार पिंपं तेल निघालं, १८९८ मध्ये पाच लाखांवर. जोसेफ कलिनन या पेनसिल्व्हेनियाकडच्या माणसाला गावाने बोलावून घेतलं आणि १८९८ च्या अखेरीस इथे तेलशुद्धीकरणाचा कारखाना सुरू झाला. टेक्ससचा तेलधंदा खऱ्या अर्थाने इथून सुरू होतो. जानेवारी १९०१ मध्ये टेक्ससमधल्याच स्पिंडलटॉपला तेलाचा प्रचंड फवारा उडाला, ती विहीर खोदणारे हॅमिल बंधूसुद्धा कोर्सिकानाचेच.

१९०० च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या ९,३१३ होती. एवढ्या गावाने डॅलस, फोर्ट वर्थ आणि वेको यांच्या बरोबरीने टेक्सस लीगमध्ये संघ उतरवायचा म्हणजे हिंमतच. ती हिंमत तेलाच्या पैशाने दिली, आणि संघाचं नावही तिथूनच आलं : ऑइल सिटी, पुढे ऑइलर्स.

वेळही जुळून आली होती. टेक्सस लीग १८८८ ची, पण तिचं गाडं सतत अडखळत होतं. मधली दोन वर्षं ती बंदच होती आणि १९०२ मध्ये सहा संघ घेऊन पुन्हा उभी राहिली. त्याआधी काही महिने, सप्टेंबर १९०१ मध्ये, शिकागोत देशभरच्या छोट्या लीगवाल्यांनी एकत्र येऊन आपली संघटना काढली होती. वरच्या दोन बड्या लीगचं एकमेकींशी भांडण जुंपलं होतं आणि त्या भांडणात खालच्या संघांचे खेळाडू उचलून नेले जात होते, हे मूळ कारण. नव्या संघटनेने लीगच्या अ ते ड अशा प्रती लावल्या. टेक्सस लीग ‘ड’ मध्ये, म्हणजे सगळ्यात खाली. त्या प्रतीत संपूर्ण संघाच्या पगारावर महिन्याला ९०० डॉलरची मर्यादा होती. लीग फक्त गोऱ्यांची होती, हेही इथेच नोंदवायला हवं. डॅलसच्या डेव्ह हॉस्किन्सने तिथे पहिला कृष्णवर्णीय खेळाडू म्हणून पाऊल ठेवलं ते १९५२ मध्ये.

कोर्सिकानाचा संघ उभा केला जे. डोक रॉबर्ट्स यांनी. माणसं हेरण्यात त्यांचा हातखंडा होता. पुढे १९०६ मध्ये, क्लीबर्नचा संघ त्यांच्याकडे असताना, जवळच्याच हबर्ड गावातला ट्रिस स्पीकर हा पोरगा त्यांनी घेतला. हाच स्पीकर नंतर बेसबॉलच्या मानाच्या दालनात जाऊन बसला. कोर्सिकानात रॉबर्ट्सनी मैदानावरची सूत्रं माइक ओकॉनर या पहिल्या बेसवरच्या खेळाडूकडे दिली. कॅचर, म्हणजे बॅटरच्या मागे चेंडू झेलणारा, म्हणून कॅनडाच्या ऑन्टारियोतला, डाव्या हाताने बॅट धरणारा जे जस्टिन क्लार्क होता. वय वर्षं १९.

या संघाने जूनमध्ये जी घोडदौड सुरू केली ती जुलै उजाडेपर्यंत थांबली नाही. सलग २७ विजय! १९२१ मध्ये बाल्टिमोरच्या संघाने या आकड्याशी बरोबरी केली, पण तो मागे टाकायला १९८७ साल उजाडावं लागलं. सॉल्ट लेकच्या संघाने तेव्हा २९ सामने लागोपाठ जिंकले. इतकं एकतर्फी चाललं, की बाकीच्या गावांत लोक मैदानाकडे फिरकेनासे झाले आणि लीगला हंगामाचे दोन भाग पाडावे लागले. पाटी कोरी करून सगळ्यांना नव्याने संधी दिली. कोर्सिकानाने दुसरा भागही जिंकला. माझ्या लेखी त्या संघाचं खरं मोठेपण यात आहे, एक्कावन्न धावांचं नाव त्यानंतर.

आता तो रविवार. आठवड्याचे सहा दिवस काम करणाऱ्या गावात तिकिटं खपायची ती रविवारीच, आणि कोर्सिकानात नेमकी रविवारी खेळायला कायद्याने बंदी. म्हणून सामना उत्तरेला रेल्वेमार्गावरच्या एनिस गावी हलवला. एनिस हे रेल्वेनेच वसवलेलं गाव. तिथलं मैदान या दर्जाच्या सामन्यासाठी नव्हतंच. उजवीकडचं कुंपण अगदी हाताशी होतं. ते होमपासून, म्हणजे बॅटर उभा राहतो तिथून, २१० फुटांवर होतं असं कुणी सांगतं, कुणी त्याहूनही जवळ आणतं. डावखुऱ्या बॅटरचा फटका स्वाभाविकपणे उजवीकडेच जातो, हे लक्षात घेतलं की पुढचं अर्धं कोडं सुटतं.

उरलेलं अर्धं कोडं समोरच्या संघात आहे. टेक्सारकानाचा संघ हंगाम सुरू झाल्यावर शर्मन-डेनिसनहून हलवून आणलेला, विस्कळीत. त्यांचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, होता सी. बी. डेविट. त्याच्या घरचा संघाच्या मालकीत वाटा होता, त्यामुळे त्याला ‘आता पुरे, खाली बस’ असं कुणी म्हणू शकलं नाही, असं सांगितलं जातं. कारण काहीही असो, तो शेवटपर्यंत एकटा टाकत राहिला. ५३ हिट (बॅटरला बेसपर्यंत पोचवणारे फटके) आणि ५१ धावा एकाच हातातून गेल्या. जून महिना, टेक्ससचं ऊन, आणि प्रत्येक फटक्यानंतर चेंडू परत हातात घेऊन पुन्हा त्याच जागी उभं राहायचं. या सामन्याच्या गोष्टीत त्याचं नाव हसण्यासाठी घेतलं जातं. मला ते पटत नाही.

त्या दिवसाचा धावफलक मी कागदावर उतरवून एकदा बेरीज करून पाहिली. मलोनी, अलेक्झांडर, रिप्ली, पेंडलटन, मार्कली, ओकॉनर, क्लार्क, मॉरिस आणि पिचर राइट, या नऊ जणांच्या धावा मिळून बरोबर ५१. हिटचा रकाना त्याहून नवलाचा आहे : ३, ८, ५, ८, ६, ७, ८, ६, २. त्याची बेरीज ५३. अलेक्झांडर, पेंडलटन आणि क्लार्क हे तिघं आठ-आठ वेळा बॅट घेऊन आले आणि तिघांनी आठही वेळा हिट मारली. ओकॉनरची एकच हुकली. नऊच्या नऊ जणांनी किमान दोन हिट मारल्या आहेत, एकही घर रिकामं नाही. लहान कुंपण सगळ्यांना सारखंच होतं, टेक्सारकानालाही. त्यांच्या धावा तीन झाल्या.

क्लार्कच्या आठही हिट होमरन होत्या, म्हणजे चेंडू कुंपणापलीकडे आणि बॅटर सगळे बेस फिरून परत. एका सामन्यात आठ होमरन हा व्यावसायिक बेसबॉलमधला विक्रम आजही त्याच्याच नावावर आहे. काही वर्षांनी तो क्लीव्हलँडकडून वरच्या लीगमध्ये खेळला. २ ऑक्टोबर १९०८ रोजी ॲडी जॉसने शिकागोच्या एकाही बॅटरला बेसवर पाऊल ठेवू दिलं नाही, त्या निर्दोष सामन्यात चेंडू झेलायला मागे क्लार्कच बसला होता. उत्तम कॅचर म्हणून त्याचं नाव झालं. वरच्या लीगमध्ये तो ५०६ सामने खेळला आणि त्या सगळ्यांत मिळून त्याचे होमरन सहा.

टेक्सारकानाचा संघ त्याच जुलैत मोडला. कोर्सिकानाने १९०४ मध्ये पुन्हा लीग जिंकली, पण १९०५ नंतर टेक्सस लीगमध्ये त्या गावाचं नाव दिसत नाही. कलिनन तोवर बोमाँटला जाऊन टेक्सस कंपनी, म्हणजे पुढची टेक्साको, काढून बसले होते. तेलाचा मोठा पैसा समुद्रकाठाकडे सरकला होता, आणि मोठ्या शहरांशी टक्कर देत संघ पोसणं नऊ-दहा हजारांच्या गावाला झेपणारं राहिलं नव्हतं. १९२३ मध्ये गावाजवळच्या पॉवेल भागात तेलाची दुसरी लाट आली. त्याच दशकात कोर्सिकानाचा संघ खालच्या एका लीगमध्ये पुन्हा मैदानात उतरला. त्यांच्या सदऱ्यावरचं नाव जुनंच होतं : ऑइलर्स.