पार्टीतला घातकी मेंबर जीएमच्या हातात असेल तेव्हा काय करायचं

नमस्कार मंडळी,

हा कागद बुकिंगच्या पावतीसोबत द्यायचं कारण म्हणजे दादरला रोलप्लेइंग गेमसाठी (एकेक पात्र घेऊन, फासे टाकून मिळून कथा खेळायचे खेळ) आम्ही भाड्याने देतो त्या टेबलांवर एकच गाऱ्हाणं फिरून फिरून ऐकू येतंय. गेम मस्त चालू असतो, जीएम (गेम मास्टर, खेळ चालवणारा) एक एनपीसी (जीएमने चालवलेलं पात्र) पार्टीत, म्हणजे खेळाडूंच्या टोळीत, आणून बसवतो, गडी तगडा असतो, लढाईत कामाला येतो, सगळे खूश. मग तिसऱ्या सेशनला तो शरण आलेल्या माणसाचा गळा चिरतो नाहीतर झोपलेल्या विझार्डचं म्हणजे जादूगाराचं स्पेलबुक (मंत्रांची वही) लांबवतो आणि टेबलवर सगळे एकमेकांकडे बघत बसतात. कोणी काही बोलत नाही. सेशन संपतं, स्टेशनपर्यंत चालताना मात्र सगळे एकदम बोलायला लागतात, फक्त तेव्हा जीएम सोबत नसतो.

नवीन आलेल्यांसाठी दोन ओळी. तुमच्या कॅरेक्टरला तुम्ही चालवता, बाकी जगातला प्रत्येक माणूस जीएम चालवतो, तो एनपीसी. तो पार्टीसोबत फिरायला लागला की टीममेट. हे काही नवीन खूळ नाही. 1974 साली गायगॅक्स आणि आर्नेसन यांनी डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा रोलप्लेइंग गेम आणला तेव्हाच पैसे देऊन माणसं सोबत घ्यायची सोय होती, आणि किती माणसं ठेवता येतील, ती किती इमानी राहतील हे तुमच्या करिष्म्यावर (कॅरेक्टरची छाप किती पडते त्याचा आकडा) ठरायचं. म्हणजे सोबतीला घेतलेला माणूस कधी उलटेल ही धास्ती खेळाच्या जन्मापासूनची आहे.

पुढे सोयीसाठी या माणसाला आपण भैरू म्हणू. तुम्ही त्याला किल्ल्याच्या तळघरातून सोडवलंय, कुऱ्हाड चालवतो, लाघवी बोलतो.

भैरूला काढता येतं का?

येतं हो. सगळ्यात जास्त अडतं ते इथेच म्हणून जरा सविस्तर सांगतो. लोकांना वाटतं जीएमने दिलाय म्हणजे ठेवायलाच पाहिजे, घरी आलेल्या पाहुण्याला जा कसं म्हणायचं तसं. आणि दुसरं म्हणजे पार्टी फोडायची नाही हा नियम सगळ्यांनी पाठ केलेला असतो. तो नियम चांगलाच आहे, पण तो खेळाडूंच्या कॅरेक्टरसाठी आहे. तुमच्या मित्राचं कॅरेक्टर हाकललं तर तो मित्र पुढचे चार तास काय करणार, खिडकीत उभा राहून फोन बघणार? म्हणून आपण त्याचं थोडं चालवून घेतो. भैरू गेला तर टेबलवरून कोणीच उठत नाही. जीएमकडे राजा आहे, ड्रॅगन आहे, खानावळवाली आहे, अख्खं जग आहे, त्याला उलट एक काम कमी. तेव्हा तुमच्या कॅरेक्टरला खऱ्या आयुष्यात जे वाटलं असतं तेच करा, म्हणजे कैद्याला मारणाऱ्या माणसासोबत तुमचा पॅलाडिन (शपथ घेतलेला धर्मयोद्धा) एका तंबूत झोपला असता का एवढंच बघा. नसता झोपला ना, मग कॅरेक्टरच्या तोंडून बोला, "भैरू, कुऱ्हाड खाली ठेव, तुझा हिस्सा घे आणि इथून वाट वेगळी."

त्याआधी एक प्रश्न मात्र खेळाच्या बाहेर येऊन जीएमला विचारा, अगदी साध्या आवाजात, की हा गेला तर कथा अडेल का. चांगला जीएम सांगतो नाही अडणार, बघा तुमचं तुम्ही. काही जण गडबडतात कारण त्यांनी पुढची आठ सेशन भैरूवरच उभी केलेली असतात, आणि हे तुम्हाला आत्ताच कळलेलं बरं.

लगेच काढायचा नसेल तर

बऱ्याचदा पुरावा नसतो, नुसता संशय असतो, किंवा तो लढाईत इतका उपयोगी असतो की सोडवत नाही (खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हेच कारण असतं). मग ठेवा, पण डोळे उघडे ठेवून. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या 2014 च्या नियमांत लॉयल्टीचा एक ऐच्छिक नियम आहे, तो फार कमी टेबलांवर वापरला जातो, आम्हाला मात्र आवडतो. पार्टीत ज्याचा करिष्मा सगळ्यात जास्त तो आकडा म्हणजे एनपीसीची कमाल लॉयल्टी, आणि सुरुवात त्याच्या निम्म्यावर. करिष्मा 16 असेल तर भैरू 8 वर सुरू होतो. आता गंमत बघा, 11 किंवा त्याहून जास्त असेल तरच तो जिवावर उदार होऊन मदत करतो, 1 ते 10 मध्ये निष्ठा डळमळीत, 0 झाली की तो निघून तरी जातो किंवा तुमचं वाटोळं करायला बसतो. कमाल आकडाच 20 चा, त्याचं निम्मं 10, म्हणजे नवीन घेतलेला कुठलाही गडी पहिल्या दिवशी पक्का नसतोच, तुमचा बार्ड कितीही गोड गाऊ दे. त्याच्या मनातल्या कामात मदत केली, चांगलं हत्यार दिलं, त्याला वाचवलं की लॉयल्टी 1डी4 ने (चार बाजूंच्या एका फाशावर येईल तेवढ्याने) वाढते, त्याच्या तत्त्वाविरुद्ध वागलात की तेवढीच घटते, आणि स्वतःच्या फायद्यासाठी त्याला मरायला पुढे ढकललं, फसवलं तर 2डी4 ने, म्हणजे असे दोन फासे. हा आकडा जीएम लपवून ठेवतो. तुम्ही फक्त आपण त्याच्याशी कसे वागलो ते आठवायचं, आणि खूप ग्रुप इथेच सापडतात, कारण ते सापळा आहे का बघायला दर वेळी भैरूलाच पुढे पाठवतात आणि मग तो उलटला की बोंब मारतात.

रात्रीचा पहारा त्याला एकट्याला देऊ नका, जोडीने द्या. सामानाचं म्हणाल तर लोकलच्या रॅकवर बॅग टाकून कोणी बिनधास्त झोपतं का, तसंच. तुमच्याकडे अलार्म स्पेल (कोणी आत शिरलं की वाजणारा मंत्र) असेल तर तो रिच्युअल म्हणून, म्हणजे जास्त वेळ घेऊन, टाकता येतो, स्लॉट (मंत्र टाकायचा दिवसाचा कोटा) खर्च होत नाही, जास्तीत जास्त 20 फूट लांब, रुंद, उंच जागेला 8 तास राखण मिळते. टाकताना कोणाकोणाच्या येण्याने वाजायचं नाही ती नावं सांगायची असतात. त्या यादीत सवयीने भैरूचं पण नाव घेऊन मोकळे झालेले लोक आम्ही या डोळ्यांनी पाहिलेत!!

खरं-खोटं करायचं असेल तर नुसत्या इनसाइट रोलवर (समोरच्याचं मन ओळखायला टाकलेला फासा) भिस्त ठेवू नका, त्यातून फार तर तो काहीतरी लपवतोय एवढंच कळतं, काय ते नाही. क्लेरिककडे (देवाच्या शक्तीने मंत्र टाकणारं कॅरेक्टर) झोन ऑफ ट्रुथ (ज्यात अडकलेल्याला खोटं बोलता येत नाही असा मंत्र) असेल तर उत्तम, 10 मिनिटं टिकतो, आणि समोरचा त्यात अडकला की निसटला हे टाकणाऱ्याला कळतं. पण तो गप्प बसू शकतो, फाटे फोडू शकतो. म्हणून "तू आमच्याशी इमानी आहेस ना" असला गुळमुळीत प्रश्न विचारू नका, एका नेमक्या गोष्टीबद्दल, हो किंवा नाही एवढंच सांगता येईल असा विचारा, "काल रात्री तू कोणाला निरोप पाठवलास का?"

एक्सपीचा (लेव्हल वाढवणारे अनुभवाचे गुण) हिशोबही आधी करा. एनपीसीने भरीव मदत केली असेल तर वाटणीत त्याला मेंबर धरायचं, म्हणजे चौघांचे भागीदार पाच. कधीकधी एवढा भागाकार केला तरी पार्टीचं मन बदलतं.

हाणामारीवर आलं तर त्याला मारलंच पाहिजे असं नाही, जवळून केलेल्या शेवटच्या घावाने बेशुद्ध पाडता येतं, बांधा आणि गावच्या कोतवालाकडे द्या. फक्त तो तुमच्यापेक्षा चार लेव्हल वर असेल तर आधी पळायची वाट बघून ठेवा, टीपीके (अख्खी पार्टी मेली) झाला म्हणून आम्ही टेबलाचं भाडं परत देत नाही.

जीएम लोकांना

तुम्ही आमचेच ग्राहक म्हणून स्पष्ट सांगतो. खेळाडू प्लॅन करतात ते तुम्हाला ऐकू येतं, भैरूला नाही. हे वेगळं ठेवणं अवघड जातं हे मान्य, आणि खेळाडूंनाही शंका येते की आम्ही बोललो म्हणूनच तो सावध झाला. त्यावर आमच्या टेबलवर लिफाफ्याची पद्धत आहे. सेशनच्या आधी एका चिठ्ठीवर भैरूला काय हवंय, तो कधी उलटेल आणि कशाने थांबेल हे तीन ओळींत लिहा, लिफाफ्यात घालून काउंटरवर द्या. प्रकरण उलगडलं की सगळ्यांसमोर उघडायचा. भांडणं होतात तिथे याचा फार उपयोग झालाय. आणि भैरू तुमचा लाडका असेल, दर लढाईत शेवटचा घाव त्याचाच असेल, तर तो घातकी नसला तरी खेळाडू कंटाळणारच, लढाईत त्याला एखाद्या खेळाडूकडे चालवायला देऊन टाका.

प्रत्येक टेबलवर मध्यभागी एक्स लिहिलेलं कार्ड ठेवलेलं असतं. भैरूचा एखादा सीन अंगावर आला, नको वाटला, तर कार्डाला हात लावायचा, सीन तिथेच बंद, कारण कोणी विचारायचं नाही. हे जीएमलाही लागू आहे.

बुकिंग करताना घातकी सोबती चालेल की नको हे आम्हाला आधी सांगा, आमचा जीएम घेणार असाल तर तो तसं ठरवेल. आणि लिफाफा फाडू नका प्लीज, स्टेपलची पिन काढा, लिफाफे आम्ही परत वापरतो.